एकतिसावा डाव

१

बोरी अरबच्या बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात दुपारी फारसं कुणी फिरकत नसे. मालक जेवायला घरी गेले की अतुल शटर अर्धं ओढून घेई आणि आतल्या खोलीत व्हिडिओ करायला बसे. खोली म्हणजे माल ठेवायची बोळकांडी. पंखा बंद ठेवावा लागे, नाहीतर आवाजात घरघर येई. गळ्यात दुपट्टा, समोर खोक्यांची चवड, चवडीला टेकवलेला त्याचा फोन आणि मांडीवर एक दोनशेपानी वही. एक वाजून गेल्याशिवाय मात्र तो सुरुवात करत नसे. त्याला कारण होतं.

"नमस्कार मंडळी. आज नंबर सहा. ह्या टीममंधी आगलाव्या पुढे, डोहक्या मागे. चौथी गढी जड जाते, पण तिथून पुढे डाव लोण्यावानी चालते. ग्रेड, सुपर."

खेळ असा होता. रानावनातून जीव पकडायचे, पाळायचे, वाढवायचे आणि लढवायचे. जीव शंभराच्या वर, पण सोबत न्यायचे फक्त सहा. बाकीचे पेटीत राहायचे. नऊ गढ्या जिंकल्या की डाव पुरा. मग पुन्हा पहिल्यापासून, नव्या सहांना घेऊन. कोणते सहा घेतले तर डाव चांगला होतो ते क्रमानं सांगायचं, एवढंच अतुलच्या चॅनेलचं काम. एकतिसाव्या नंबरापासून सुरुवात करून तो दर आठवड्याला एक पायरी वर चढत होता. नेट स्वस्त झालं होतं, पोरांच्या हातात फोन आले होते आणि असलं काही वऱ्हाडीत सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. बघणारे वाढत गेले. खाली लोक लिहीत, "भाऊ, कापशाले टीममंधी घेणं म्हंजे सासऱ्याले कबड्डीत उतरवणं होय." कुणी विचारी, "एवढे डाव खेळले कवा बे? कामधंदा नाही का?"

अतुल उत्तर देई, "रोज थोडं थोडं, भाऊ."

त्यातला एकही डाव त्यानं खेळलेला नव्हता. पुरे झालेले तीसच्या तीस डाव विक्कीनं खेळले होते आणि वहीही विक्कीचीच होती.

विक्कीचे वडील देवराव शेतकरी. कापूस मुठीत घेऊन, धागा ओढून, डोळे मिटूनही त्याची प्रत सांगणारे. घरात ऐकलेले तेच शब्द विक्कीनं खेळाला लावले होते. चांगली टीम सुपर, बरी टीम फेअर आणि टाकाऊ टीम कवडी. प्रत्येक डावाला एक पान. पानावर सहा नावं, गढ्यांचा हिशोब, ग्रेड आणि शेवटी एक ओळ: "सहाव्याचं काय झालं?"

लढाई अंगावर आली की बहुतेक खेळणारे एक युक्ती करतात. सगळ्यात दुबळ्या सहाव्याला पुढे ढकलतात. तो मार खाऊन आडवा होईपर्यंत मागे चांगल्या जिवाला औषध पाजून उभं करून घेतात. विक्कीला ही युक्ती मान्य नव्हती. ज्या टीमला ती एकदाही करावी लागली, तिला तो सुपर देत नसे. मग ती नऊ गढ्या कितीही झपाट्यानं का जिंकेना.

ही शेवटची ओळ अतुल व्हिडिओत कधी वाचून दाखवत नसे.

२

कौसल्याकाकू बाजारच्या दिवशी दुकानात आल्या. हातात कैऱ्यांची पिशवी. विक्कीची आई ती. सात महिन्यांत दहा वर्षं पुढे गेल्यासारखी दिसत होती, पण बोलणं तेच होतं, सरळ.

"गिऱ्हाईक नाही ना कोनी?"

"नाही काकू, या ना. बसा."

"बसत नाही. बुधवारी अखजी आहे. पहिलीच आहे त्याची." अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, गेलेल्यांना जेवू घालायचा दिवस. त्या भिंतीवर टांगलेल्या कव्हरांकडे पाहत राहिल्या. "पित्तर म्हणून कोनाले बसवाव, ह्यांनी दोन-तीन नावं घेतली. मी म्हटलं, अतुलच. त्याच्याच वयाचा आहे. त्याच्याच ताटात खाल्लेला आहे."

"काकू, मले ते रीतभात काही येत नाही."

"येवाचं काय त्यात? पाटावर बसाचं अन् जेवाचं. दोघं मिळून माह्या पुरणाच्या पोळ्या फस्त करत होते, तवा बरं येत होतं."

अतुल हसला. हसल्याची त्याला लाज वाटली.

पायरी उतरताना त्या थांबल्या. "त्याचा फोन काही सापडला नाही. दवाखान्यात कोनी लंपास केला का काय, मालूम नाही. तुह्याकडे येतात असे फोन. आला तं ठेवजो बापा. त्यात त्याचा आवाज असन."

"हाव काकू. ठेवतो."

फोन त्याच्या गुडघ्याशी, खणात होता.

ते साल फवारणीचं म्हणून जिल्ह्यात लोकांच्या ध्यानात आहे. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, बोंडात अळी होती, पाठीवर पंप घेऊन ओळीत शिरलं की औषध पानांवर कमी आणि तोंडावर जास्त पडे. गावात सहा पोरांची एक टोळी होती. पाळी लावून लोकांच्या वावरात फवारणीला जायची. त्या दिवशी पाळी अतुलची होती. तो सकाळीच विक्कीकडे गेला आणि अंगात कणकण आहे म्हणाला. कणकण वगैरे काही नव्हती. आदल्या दिवशी दोघं जण औषधाच्या वासानं ओकले होते आणि त्याला जायचं नव्हतं.

विक्कीनं त्याच्याकडे जरा पाहिलं. "मी जातो तुह्या बदली. हे धर." फोन आणि वही त्यानं अतुलच्या हातात दिली. "औषध लागन फोनले. एकतिसावा डाव चालू आहे. एक नंबर हाच होणार आहे, पाहजो. नववी गढी बाकी आहे. तू पुरा कर."

अतुलनं पडद्यावर पाहिलं. सहाव्या जागी कापशा होता, पांढरा, गुबगुबीत, काही कामाचा नसलेला. खेळात जिवांना आपल्या मनाची नावं देता येतात. विक्कीनं त्याचं नाव ठेवलं होतं 'अतुल'.

"मले कापशा बनवलं काय बे?"

"सहावा मी पडू देत नाही, बावा," विक्की म्हणाला. "भेऊ नको."

चौथ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात तो गेला. शेवटी त्याला समोरचं दिसत नव्हतं, असं म्हणत. पाळी कुणाची होती ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. टोळीतल्या पोरांना वाटलं, दोघांचं आपसात ठरलं असेल. आणि अतुलनं फोन त्या आठवड्यात परत केला नाही, मग पुढच्या आठवड्यात करता आला नाही, आणि मग महिना उलटल्यावर कोणत्या तोंडानं करावा, हा प्रश्न झाला.

३

अखजीच्या दिवशी मालक दुकान झाडायला काढणार, म्हणून अतुलनं विक्कीचा फोन पँटच्या खिशात घातला आणि जेवायला गेला.

मधल्या खोलीत भिंतीशी नवी घागर मांडली होती, तिच्या तोंडावर कैरी. देवरावांनी गोवरीच्या निखाऱ्यावर घासभर नैवेद्य ठेवला, वर तूप सोडलं. धूर सरळ वर न जाता खोलीभर पसरला. समोर पाट, पळसाची पत्रावळ, पुरणपोळी, रस, कुरडया, वडे, कढी. भिंतीवर विक्कीचा फोटो होता, दहावीच्या फॉर्मवरचा, मोठा केलेला, म्हणून पुसट.

रीत साधी होती. कपाळाला गंध लागलं की बसणाऱ्याला त्याच्या नावानं हाक मारायची नाही, गेलेल्याच्या नावानं वाढायचं. जेवण झालं की हातावर पाणी घालायचं, गेलेल्याचं नाव घेऊन 'सुखानं जाय' म्हणायचं. मग बसलेला उठला की आपल्या नावाला मोकळा.

काकूंनी गंध लावलं. त्यांचं बोट कपाळावर जरा जास्त वेळ राहिलं.

"बस, विक्की."

"हाव," अतुल म्हणाला. ते इतकं सहज निघालं की त्याला स्वतःलाच बरं वाटलं. चला, एवढं तरी आपल्या हातून नीट होतंय.

तो जेवू लागला. काकू वाढत होत्या. देवराव दाराशी बसले होते. निखारे मधूनच तडतडत. मग त्याच्या ध्यानात आलं की कुरडया तो रसात चुरून खातोय आणि रसाची ही तिसरी वाटी आहे. अतुलला आंब्याचा रस आवडत नसे. लहानपणापासून नाही.

त्यानं वर पाहिलं. बसला तेव्हा घड्याळात बारा वाजले होते, आता एकला मिनिटभर कमी होतं. तासभर आपण काय केलं, काही बोललो का, ते त्याला आठवेना. देवरावांनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. काकूंच्या हातातली पळी वाटीवर तशीच थांबली होती, तिच्यातून रस ठिबकत होता. पोराच्या आठवणीनं असेल, त्याला वाटलं. दुसरं काय असणार?

तेवढ्यात त्याच्या मांडीखाली पाट घुरघुरला.

रोज एकला तो फोन थरथरत असे. अतुलनं आवाज बंद केला होता, पण तो गजर पुसायचं धाडस त्याला कधी झालं नव्हतं. त्याचं नाव 'आईची गोळी'. काकूंना रक्तदाबाचा त्रास होता. विक्कीनं लावून ठेवलेला गजर. त्याच्यासाठीच तो एक वाजून गेल्यावर व्हिडिओला बसत असे.

लाकडावर तो आवाज खोलीभर झाला. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"एक वाजला," त्या म्हणाल्या.

अतुल उठला. उष्टा हात तसाच. "काकू, पोटात मुरडा आला," असं काहीतरी म्हणत तो मागच्या दारानं बाहेर पडला. पडताना त्यानं पाहिलं, काकू हातात पाण्याचा गडू घेऊन पाटापाशी उभ्या होत्या. हात त्यानं आपल्या घरच्या टाक्यावर धुतला.

४

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याचा स्वतःचा फोन उघडेना. मागच्या गोलावर बोट ठेवलं की फोन थरथरे आणि म्हणे, बोट ओळखता आलं नाही. त्यानं बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. पाच वेळा. मग आकडे टाकून उघडला.

त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. दिवसभर सर्किटला सोल्डरचा डाग लावायचा, थिनरनं पट्ट्या पुसायच्या, बोटांवरच्या रेषा झिजतातच. गिऱ्हाइकांना तो हे रोज सांगत असे. नवीन ठसा नोंदवला आणि विषय मिटवला.

पाचेक दिवसांनी खणातून विक्कीचा फोन काढताना त्याचं बोट सहज मागच्या गोलावर टेकलं. फोन उघडला.

तो फोन तो नेहमी नमुना ओढून उघडत असे. उलटा सात. विक्कीनंच सांगितला होता. बोट विक्कीचं होतं त्यात, एकच.

त्यानं फोन बंद केला आणि डाव्या हाताचं बोट ठेवलं. नाही. उजव्या हाताची तर्जनी. उघडला. मालक जेवून आले तेव्हा त्यानं हसत म्हटलं, "भाऊजी, जरा बोट लावून पाहा बरं. सेन्सर बिघडला का काय, कोनाचंही घेऊन राह्यला." मालकांचं घेतलं नाही. चहावाल्या उकंडाबुढ्याचं घेतलं नाही.

"माह्या बोटाले कोन इचारते," उकंडाबुढा म्हणाला. "राशनच्या मशीनीलेबी मी मेलेलाच वाटतो."

सगळे हसले. अतुलही. त्यानं बोट दुपट्ट्याला घासलं. सेन्सर स्वस्तातला, रेषा झिजलेल्या, झिजलेली दोन बोटं एकसारखी वाटूच शकतात. असं त्यानं स्वतःला नीट, मुद्देसूद समजावून सांगितलं. समजावताना त्याच्या ध्यानात आलं की तो हे सगळं फोनकडे पाठ करून सांगतोय.

५

नंबर पाच, नंबर चार, नंबर तीन. व्हिडिओ होत राहिले. पण आता वहीतली ओळ टाळणं जड जाऊ लागलं. पान वाचताना जीभ आपोआप खाली घसरे आणि तो दात आवळून थांबे. डोळ्यांचाही काही भरवसा राहिला नव्हता. मधूनच पडद्यावरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी पसरत. दारव्ह्याला जाऊन त्यानं डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर नव्हता.

नंबर दोनचा व्हिडिओ केला त्या दिवशी बाहेर ऊन मी म्हणत होतं. बोळकांडीत डाग लावायच्या तारेचा वास साचला होता आणि त्याच्या खाली दुसरा एक वास, गोडसर, घशाला लागणारा. त्यानं खोकी हलवून पाहिली. काही सांडलेलं नव्हतं. त्यानं व्हिडिओ पुरा केला आणि कानात तार घालून ऐकायला बसला.

"नमस्कार मंडळी. आज नंबर दोन," त्याचा आवाज म्हणाला. पुढे टीम, गढ्या, ग्रेड, सगळं बरोबर होतं. मग जराशी शांतता. त्या शांततेत तो फोनकडे रोखून पाहत होता, पापणी न हलवता. मग त्याच आवाजात, पण खाली बसून बोलल्यासारखं:

"एक नंबर अजून बाकी आहे. थो अतुलकडे आहे. थो पुरा करत नाही."

आणि लगेच, "तं मंडळी, आवडलं असन तं सांगा."

अतुलनं ते पुन्हा ऐकलं नाही. पुसून टाकलं. थकवा असेल. आपल्याविषयी आपणच तिऱ्हाइतासारखं बोलणारी माणसं असतात. त्यानं परत व्हिडिओ केला. पाहिला. शांतता पुन्हा होती, तेवढीच लांब. या वेळी तिच्यात शब्द नव्हते. फक्त त्याची मान हळूहळू डावीकडे वळत होती, जिथे खण होता.

नंबर दोन त्यानं टाकलाच नाही. लोक विचारत राहिले, "भाऊ, एक नंबर कवा? जिता आहे ना?" त्यानं चॅनेल बघणं सोडलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. घरी आई, रुक्माबाई, एकदा जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून पाहतच राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. तू कढीत भाकर कवापासून चुरून राह्यला?"

"मी नेहमीच चुरतो."

"हाव का," आई म्हणाली, आणि मग हातातला तुकडा ताटात ठेवत, "असन बापा."

६

पुढल्या वर्षी अखजीच्या आठ दिवस आधी उकंडाबुढा चहाचे ग्लास गोळा करायला आला आणि काउंटरला टेकून उभा राहिला.

"यंदा जातं का देवरावकडे जेवाले?"

"बोलावलं नाही अजून."

"बोलावतीन कशे? मागल्या साली तू तं पाटावरून पळाला म्हंते. पाणी घेतलं नाही, सोडवून घेतलं नाही." बुढा ग्लास एकमेकांत अडकवत हसला. "थो बिचारा पित्तर बसला असन अजून तसाच, हात उष्टा घेऊन. वाळला असन रस."

"काहीही बोलतं, बुढ्या."

"म्या काय बोललो? पळाला तं तू."

अतुल त्या दिवशी व्हिडिओच्या बोळकांडीत एकटाच बसला. पंखा चालू ठेवून. पाटावरून उठण्यात तसं काही पाप झालं, असं त्याच्या बुद्धीला पटत नव्हतं. पण बुद्धीला पटत नव्हतं असं वर्षभरात बरंच काही झालं होतं. आणि एक गोष्ट बुद्धीलाही पटत होती: एका बाईच्या पोराचा आवाज त्यानं दीड वर्ष खणात कोंडून ठेवला होता. तो फोन त्या पोराच्या मरणाशी ज्या कारणानं बांधलेला होता, ते त्याला एकट्याला ठाऊक होतं. ते सांगून टाकावं. पाटावर बसावं, पुरतं जेवावं, पाणी घ्यावं आणि मोकळं व्हावं. मग त्यांनी शिव्या दिल्या तरी त्या अतुलला दिलेल्या असतील.

एवढंच त्याला हवं होतं. शिव्या आपल्या नावानं खायच्या होत्या.

७

तो न बोलावता गेला. निळा चौकटीचा शर्ट, पायात नव्या चपला, पिशवीत फोन आणि वही. काकू दारातच होत्या. त्यांना नवल वाटलं नाही.

"ये," त्या म्हणाल्या. "पाट मांडलेलाच आहे."

खोलीत गेल्या सालासारखंच सगळं होतं. घागर, कैरी, निखारे. पत्रावळीच्या कडेला रसाची वाटी. देवराव दाराशी, त्याच जागी. अतुलनं बसायच्या आधी पिशवीतून फोन काढला, वही काढली, दोन्ही पाटाजवळ जमिनीवर ठेवली.

"काकू, हे माह्याकडेच होतं. पहिल्यापासून."

"जेव आधी," काकू म्हणाल्या आणि गंध लावलं.

तो जेवला. या वेळी प्रत्येक घास मोजून, शुद्धीवर राहून. रसाला हात लावला नाही. घड्याळाकडे पाहत राहिला. एकला पाच मिनिटं कमी असताना त्यानं हात थांबवला. शब्द तयार होते. आठ दिवस त्यानं तेच पाठ केले होते.

"काकू, त्या दिवशी फवारणीची पाळी माह्यी होती. मले काही झालं नव्हतं. मी खोटं बोललो. थो माह्या बदली गेला."

निखारा तडकला.

"मले मालूम आहे," काकू म्हणाल्या.

"त्यानं सांगतलं? दवाखान्यात?"

"नाही. दवाखान्यात थो काहीच बोलला नाही." काकूंनी पदर खोचला. "तूच सांगतलं. मागल्या अखजीले, अठीच बसून. 'माय, पाळी अतुलची होती. त्याले ताप नव्हता, मले मालूम होतं, पण त्याचं तोंड पाहवत नव्हतं.' असंच बोलला तू. ह्यांनीबी ऐकलं."

अतुलनं देवरावांकडे पाहिलं. देवरावांनी मान हलवली, हो म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं अतुलला वाटलं. चेहऱ्यावर अवघडलेपण होतं, घरात परका माणूस जास्त वेळ बसून राहिला की येतं तसं.

"मी वर्सभर वाट पाहून राह्यली," काकू म्हणाल्या. "विक्की तं उठला नाही पाटावरून. मंग गेला कोन, म्हटलं."

त्यांनी गडू उचलला. अतुलनं घाईघाईनं हात पुढे केला. पाणी. आता पाणी पडेल, नाव घेतील, संपेल. आपण उठू. घरी जाऊ. आईनं पोळ्या ठेवल्या असतील.

पाणी पडलं. गार होतं. काकूंनी ते सावकाश घातलं, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, एकही बोट कोरडं न ठेवता. मग त्यांनी गडू खाली ठेवला आणि हात जोडले.

"सुखानं जाय, अतुल."

त्याला वाटलं, चुकून म्हणाल्या. त्यानं देवरावांकडे पाहिलं. देवराव चूक दुरुस्त करतील. देवरावांनी फक्त पाय आखडून घेतले, दारातून कुणी जाताना वाट द्यावी तसे.

आणि दाराच्या उजेडात, पाठमोरा, निळ्या चौकटीचा शर्ट घातलेला एक जण वाकून चपला घालत होता. आधी उजवी, मग डावी. मानेवर दुपट्टा होता. तो वळला नाही. उंबरठा ओलांडून डावीकडे गेला, रुक्माबाईच्या घराच्या वाटेनं. थोडा वेळ नव्या चपलांचा करकर आवाज आला आणि मग आला नाही.

पाटावर बसलेल्यानं त्याला हाक मारायला तोंड उघडलं. नाव ओठांवर येईना. आत्ता, आत्ताच कुणीतरी घेतलं होतं ते. त्याच्याविषयी काय वाटत होतं तेवढं मात्र जसंच्या तसं होतं. लाज. ती कुणाची आणि कशाची, ते शोधायला गेलं की हाताला काही लागत नव्हतं.

जमिनीवर फोन घुरघुरला. काकूंनी तो पदरानं पुसून त्याच्या हातात दिला. त्याचं बोट मागच्या गोलावर टेकलं आणि पडदा उजळला. गजराच्या पाठीमागे खेळ उघडा होता, नवव्या गढीपाशी. पाच जण उभे होते. सहावा, पांढरा, आडवा पडला होता.

"विक्की," काकू म्हणाल्या. "एक वाजला ना बेटा?"

तो उठला. गोळ्यांचा डबा कोणत्या कोनाड्यात असतो, ते त्याला विचारावं लागलं नाही.